परक्याची किल्ली



वसंत ऋतूतील व्याख्यानांची प्रथा आपल्याकडे जुनी आहे. न्यायमूर्ती रानडे यांनी पुण्यात १८७५ साली तिचा पाया घातला, आणि तेव्हापासून अशा व्यासपीठांवरून इतिहास, अर्थकारण, धर्म, राजकारण अशा भारदस्त विषयांचा ऊहापोह होत आला. त्या मानाने आजचा आमचा विषय पत्रिकेत वाचून पुष्कळांना हसू आले असेल. मोटारगाड्या दुरुस्त करणाऱ्या सर्व्हिस सेंटरमध्ये गिऱ्हाइकांच्या किल्ल्या कशा सांभाळाव्यात, हा काय व्याख्यानाचा विषय झाला? चिटणीस निमंत्रण घेऊन आले तेव्हा आम्हीही हीच शंका बोलून दाखविली. ते म्हणाले, "तुम्ही जन्मभर जे केलेत त्यावर बोला. न केलेल्या गोष्टींवर बोलणारे वक्ते आमच्याकडे भरपूर येतात." हा टोला आम्हांला होता की इतर वक्त्यांना, याचा विचार न करता आम्ही होकार दिला.

आम्ही याच नव्या मुंबईत, ठाणे-बेलापूर औद्योगिक पट्ट्यात, गाड्यांच्या सर्व्हिस खात्यात उमेदीची सगळी वर्षे घालविली. आम्ही मूळचे घाटावरचे, म्हणून किल्ली म्हणतो. तेथे तिला सगळे चावी म्हणत. नाव कोणतेही घ्या, वस्तू बोटभर लांबीची. पण ती ज्याच्या हाती, त्याच्या हाती दहा-पंधरा लाखांची गाडी. घरात तिजोरीची किल्ली कमरेला खोचून फिरणारी आजी आपणांपैकी पुष्कळांनी पाहिली असेल. ती किल्ली आजी मुलालासुद्धा विचारपूर्वकच देई. आमच्या धंद्यात मात्र रोज सकाळी पन्नास-साठ अनोळखी माणसे येतात आणि आपली किल्ली आमच्या टेबलावर ठेवून रिक्षाने निघून जातात. या विश्वासाचे आम्हांला कधी नवल वाटले नाही, हेच खरे तर नवल आहे.

ही किल्ली दिवसभरात कोठे कोठे फिरते, ते आधी सांगतो. गाडी फाटकातून आत आली की सर्व्हिस ॲडव्हायझर ती पाहतो, तक्रारी लिहून घेतो, जॉब कार्ड बनवितो आणि किल्ली घेतो. तेथून ती गाडी आत लावणाऱ्या ड्रायव्हरच्या हाती जाते. मग सुपरवायझरच्या, मग मेकॅनिकच्या. दुपारी चाकांच्या अलाइनमेंटवाल्याकडे, तेथून धुलाईच्या पोराकडे. नंतर गाडी रस्त्यावर चालवून पाहणारा ती घेतो, शेवटची तपासणी करणारा घेतो, आणि संध्याकाळी बिल भरले गेले की गाडी ताब्यात देणारा ती गिऱ्हाइकाच्या हातावर ठेवतो. म्हणजे एका किल्लीला दिवसातून आठ-दहा हात लागतात. गाड्या साठ असतील, तर पाच-सहाशे वेळा किल्ली एका हातातून दुसऱ्या हातात जाते. त्यात जागा अपुरी, म्हणून पुढची गाडी काढल्याशिवाय मागची निघत नाही आणि एका गाडीसाठी चार किल्ल्या शोधाव्या लागतात. श्रोतेहो, शंभरांत एकदा चूक होणे हे माणसाच्या हातून काही फार वाईट काम नव्हे. पण त्या हिशेबाने आमच्याकडे रोज पाच-सहा चुका व्हावयाच्या!

आमच्याकडे पूर्वी या सगळ्यावर एकच व्यवस्था होती : भिंतीवर लाकडी फळा आणि त्यावर चाळीस खिळे. गाड्या साठ आणि खिळे चाळीस, हे गणित पहिलीतल्या मुलालाही चुकीचे वाटले असते. आम्हांला ते बरीच वर्षे चालले. एका खिळ्यावर दोन किल्ल्या अडकवीत असत, उरलेल्या कोणाच्या खिशात, कोणाच्या टेबलाच्या खणात. किल्ली सापडली नाही की सगळे एकमेकांना हाका मारीत, आणि बहुधा ती हाक मारणाऱ्याच्याच खिशात निघे. काखेत कळसा नि गावाला वळसा, ही म्हण आमच्या वर्कशॉपात दिवसातून दोनदा तरी कोणी म्हणे. सगळे हसत. त्या हसण्याची किंमत एका शनिवारी कळली.

या घटनेला आता वीस वर्षे होऊन गेली. जून महिना, पहिला मोठा पाऊस, आणि शनिवारची गर्दी. संध्याकाळी एक गृहस्थ गाडी न्यायला आले. गाडी धुऊनपुसून उभी, किल्ली नाही. खिळा रिकामा. ज्याला विचारावे तो म्हणे, "मी तर खिळ्यावर लावली होती." तासभर शोधाशोध झाली. गाडी शेवटी धुलाईत होती, असे कोणीतरी म्हणाले, आणि सगळ्यांच्या नजरा एका पोराकडे वळल्या. अठरा-एकोणीस वर्षांचा, दुष्काळी भागातून आलेला, तीन महिन्यांपूर्वीच कामाला लागलेला मुलगा. ओल्या कपड्यांनिशी त्याला सर्वांसमोर उभे केले, खिसे उलटे करावयास लावले, त्याची पिशवी रिकामी केली. पिशवीत डबा होता आणि एक कोरडा सदरा. आम्ही तेथे हजर होतो. आम्ही त्याच्या अंगाला हात लावला नाही हे खरे. पण "थांबा" असेही आम्ही म्हणालो नाही, हेही तितकेच खरे.

सोमवारी तो कामाला आला नाही. न आल्यामुळे त्याच्यावरचा संशय पक्का झाला. खात्याने खर्च सोसून गाडीची कुलपे बदलून दिली. अकराव्या दिवशी दुसरे एक गिऱ्हाईक आले आणि त्यांनी ती किल्ली टेबलावर ठेवली. त्यांची किल्ली आणि ही हरवलेली किल्ली एकाच खिळ्यावर होत्या. दोघींच्या कड्या एकमेकींत अडकलेल्या. गाडी ताब्यात देणाऱ्याने घाईत त्या तशाच उचलल्या. त्याने त्यांची किल्ली सोडवून हातात दिली, आणि दुसरी जुन्या सुट्या भागांच्या पिशवीत पडली. ती पिशवी अकरा दिवस त्यांच्या डिकीत होती. आम्ही त्याच संध्याकाळी त्या मुलाच्या खोलीवर गेलो. तो गावी निघून गेला होता. त्याचा राहिलेला पगार आम्ही मनीऑर्डरने पाठविला, सोबत एक पत्र लिहिले. पैसे पोचल्याची पावती आली. पत्राचे उत्तर आले नाही.

श्रोतेहो, त्या दिवसापासून आम्हांला एक गोष्ट उमगली, आणि तीच सांगण्यासाठी आम्ही आज येथे आलो आहोत. जेथे नोंद नसते, तेथे संशय असतो. आणि संशय कधी वर चढत नाही, तो पाण्यासारखा उताराकडे धावतो. त्या संध्याकाळी त्या किल्लीला निदान आठ हात लागले होते. त्यांत सुपरवायझर होता, ॲडव्हायझर होता, क्वचित आम्हीही होतो. पण खिसे तपासले गेले ते एकाचेच, कारण तो सर्वांत नवा, सर्वांत गरीब आणि सर्वांत कमी बोलणारा होता.

आता कायदा काय म्हणतो तेही पाहू. आपला करार अधिनियम १८७२ सालचा. काही ठरावीक हेतूने आपली वस्तू दुसऱ्याच्या स्वाधीन करावयाची आणि हेतू पुरा झाला की ती परत घ्यावयाची, या व्यवहाराला त्यात निक्षेप म्हटले आहे. आपण साध्या भाषेत ठेव म्हणू. १४८ व्या कलमात त्याची व्याख्या आहे. पुढचे कलम सांगते की, वस्तू दुसऱ्याच्या ताब्यात जाईल असे काहीही केले तरी ती स्वाधीन केली असे होते. गाडी कोणी उचलून आमच्या हातावर ठेवीत नाही. किल्ली दिली की गाडी दिली. आणि १५१ वे कलम म्हणते की, साधारण शहाणा माणूस स्वतःच्या तशाच वस्तूची जेवढी काळजी घेईल, तेवढी काळजी ठेव घेणाऱ्याने घेतली पाहिजे.

याचा अर्थ न्यायालय कसा लावते, याचे एक उदाहरण प्रसिद्ध आहे. १ ऑगस्ट १९९८ च्या रात्री दिल्लीत एक गृहस्थ आपली मारुती झेन गाडी घेऊन ताज महाल हॉटेलात गेले आणि दारातच त्यांनी गाडी व किल्ली तेथील माणसाच्या स्वाधीन केली. त्यानंतर तीन तरुण आले. परत जाताना त्यांनी आपली गाडी मागविली. हॉटेलचा माणूस ती आणण्यात गुंतला असताना त्यांच्यापैकी एकाने टेबलावरची झेनची किल्ली उचलली, वाहनतळावर जाऊन गाडी सुरू केली आणि पहारेकरी अडवीत असतानाही ती पळविली. गाडी पुन्हा मिळाली नाही. विमा कंपनीने मालकाला भरपाई दिली आणि मग मालकासह हॉटेलविरुद्ध ग्राहक आयोगाकडे दाद मागितली. हे प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेले आणि १४ नोव्हेंबर २०१९ रोजी, म्हणजे एकवीस वर्षांनी, निकाल लागला. गाडी मालकाच्या जोखमीवर आहे असे पावतीवर छापले होते; परंतु स्वतःचा निष्काळजीपणा अशा छापील ओळीने झाकता येत नाही, असे न्यायालयाने ठरविले. आणि मुख्य म्हणजे, ठेव एकदा ताब्यात घेतली हे सिद्ध झाले की आपण योग्य ती काळजी घेतली होती हे दाखविण्याचा भार ठेव घेणाऱ्यावर येतो.

हा निकाल हॉटेलातील वाहनतळाविषयी आहे. पण ज्या तत्त्वावर तो उभा आहे ते आमच्या धंद्यालाही लागू आहे. आता सांगा, काळजी घेतली होती हे आम्ही दाखविणार कशाने? "मी खिळ्यावर लावली होती" या वाक्याने? पुरावा म्हणजे नोंदच. आणि दिल्लीतील ती किल्ली चोराने कुलूप फोडून नेली नाही. ती टेबलावर होती, एवढेच तिचे चुकले.

मग व्यवस्था कशी असावी? आम्ही पुढे जी बसविली, ती थोडक्यात सांगतो. तिच्यात नवीन असे काही नाही.

पहिली गोष्ट, किल्ली हातात घेताक्षणी तिला बिल्ला बांधावयाचा, आणि तोही गिऱ्हाइकासमोर. बिल्ल्यावर जॉब कार्डाचा क्रमांक आणि गाडीचा पूर्ण नंबर. लोक शेवटचे चार आकडेच सांगतात आणि लिहितात. पण आपल्याकडे एमएच-४३ च्या पुढची अक्षरे बदलली की तेच चार आकडे पुन्हा येतात. आणि शुभ म्हणून पैसे भरून घेतलेले नंबर तर एका दिवसात दोन-दोन यावयाचे. दोन्ही गाड्या पांढऱ्या असल्या म्हणजे गोंधळाला काही कमी पडत नाही. मुंबईचे डबेवाले १८९० च्या सुमारापासून हा धंदा करीत आहेत. त्यांनी डब्याचा पत्ता कोणाच्या स्मरणशक्तीवर सोपविला नाही, डब्याच्या झाकणावर रंगविला. किल्लीचे तसेच. आणि घराची, कपाटाची, देवघराची किल्ली त्याच जुडग्यात असेल तर ती काढून गिऱ्हाइकाच्या हाती परत द्यावी. जी जबाबदारी आपली नाही, ती आपल्या खिळ्यावर टांगू नये.

दुसरी गोष्ट, एका खिळ्यावर एकच किल्ली, आणि खिळे गाड्यांपेक्षा जास्त. तिसरी, खिळा कधीही मुका राहू द्यावयाचा नाही. किल्ली उचलणाऱ्याने त्या जागी स्वतःच्या नावाचा बिल्ला लावावयाचा. कारखान्यांच्या हत्यारखान्यात ही पद्धत जुनी आहे : पान्हा न्या, तुमचा पितळी बिल्ला ठेवा. मग ओरडून विचारावे लागत नाही. खिळाच सांगतो की किल्ली अमक्याकडे आहे. एकेरी रेल्वेमार्गावर टोकनाचा लोखंडी गोळा हाती आल्याशिवाय ड्रायव्हर गाडी पुढे नेत नसे, आणि त्या टप्प्यासाठी एका वेळी यंत्रातून एकच गोळा बाहेर येई, हे आपल्यापैकी रेल्वेत नोकरी केलेल्यांना ठाऊक आहे. तो गोळा म्हणजे हक्क आणि जबाबदारी एकाच वेळी. आमची किल्लीही तशीच.

चौथी गोष्ट जिवाची आहे. मेकॅनिक गाडीखाली असेल, किंवा त्याचे हात इंजिनात असतील, तेव्हा किल्ली त्याच्याच खिशात हवी. बाहेरून कोणी येऊन "जरा गाडी पुढे घेतो" म्हणून ती चालू केली, तर काय होईल ते मी या सभागृहात वर्णन करीत नाही. किल्ली सांभाळणे म्हणजे केवळ चोरीपासून बचाव नव्हे.

पाचवी, रात्रीची मोजदाद. आवारातील गाड्या, फळ्यावरील किल्ल्या आणि मिटविली न गेलेली जॉब कार्डे, हे तीन आकडे जुळले पाहिजेत. जुळले नाहीत तर त्याच रात्री शोध. आणि सापडली नाही तर त्याच रात्री मालकाला फोन. दुसऱ्या दिवशी कळविलेली चूक लपविलेली वाटते.

सहावी, किल्ली परत देताना माणूस ओळखून द्यावी. "साहेबांनी पाठवलंय" एवढ्यावर गाडी सोडू नये. साहेबांना फोन करून विचारावे. एखादा साहेब रागावतो. रागावू द्यावे. गेटपास पाहिल्याशिवाय पहारेकऱ्याने फाटक उघडू नये, मग गाडी खात्याच्या मालकाची का असेना.

आपण म्हणाल, हे सगळे खिळ्यांचे युग झाले. आता किल्लीच पूर्वीची राहिली नाही. ते खरे आहे. आजच्या किल्लीत चिप असते. तिची ओळख पटल्याशिवाय इंजिन चालू होत नाही, आणि ती हरवली तर रस्त्याकडेच्या किल्लीवाल्याकडे कानस घासून काम भागत नाही. नवी किल्ली गाडीला यंत्राने ओळखवून द्यावी लागते आणि खर्च हजारांत जातो. गाडी चोरीला गेली तर विमा कंपनी सगळ्या किल्ल्या मागते. पुष्कळ गाड्यांना तर किल्ली खुपसावी लागतच नाही. ती जवळ असली की बटण दाबून गाडी सुरू होते. पण त्यातून नवी गंमत निघाली. एकदा आमचा चालक गाडी तपासायला पाम बीच रस्त्यावर घेऊन गेला. किल्ली ॲडव्हायझरच्या खिशात होती. तो शेजारी उभा असताना गाडी सुरू झाली आणि तशीच निघाली. किल्ली दूर गेली म्हणून चालू इंजिन बंद पडत नाही. गाडी फक्त सूचना देते, आणि ती सूचना आमच्या चालकाने वाचली नाही. सिग्नलला त्याने सवयीने इंजिन बंद केले. मग ते पुन्हा सुरू होईना. मागे गाड्यांची रांग, भोंगे, आणि हा बटण दाबतो आहे! किल्ली घेऊन दुसरा माणूस मोटारसायकलवरून धावला तेव्हा सुटका झाली.

आता किल्ल्यांसाठी विजेवर चालणारी कपाटेही निघाली आहेत. बोटाचा ठसा दिला की कप्पा उघडतो, कोणी कोणती किल्ली किती वाजता नेली ते आपोआप लिहिले जाते. आम्ही त्यांच्या विरोधात नाही. चांगले साधन चांगलेच. पण शनिवारच्या गर्दीत त्या कपाटाचे दार कागदाची घडी घालून उघडे ठेवलेले आम्ही पाहिले आहे. साधन कितीही हुशार असले, तरी ते वापरण्याची शिस्त माणसालाच लावून घ्यावी लागते.

शेवटी एका आक्षेपाचे उत्तर देतो आणि थांबतो. आम्ही वही आणि बिल्ले सुरू केले तेव्हा एक जुने सहकारी दुखावले. म्हणाले, "बावीस वर्षे काम केलं, आता सही करून चावी घ्यायची? म्हणजे आमच्यावर विश्वास नाही?" आणि वर म्हणाले, "विश्वास पानिपतातच गेला!" पानिपताला १७६१ पासून आजवर आपण पुष्कळ गोष्टींसाठी वापरले आहे, किल्लीसाठीही वापरावे लागेल असे आम्हांला वाटले नव्हते. आम्ही त्यांना एवढेच विचारले, "त्या शनिवारी वही असती, तर त्या पोराचे खिसे कोणी तपासले असते का?" ते काही बोलले नाहीत. दुसऱ्या दिवशी पहिली सही त्यांची होती.

मंडळी, नोंदीचे महत्त्व या भूमीला तरी नव्याने सांगावयास नको. १९७० पासून पंचाण्णव गावांच्या जमिनीवर हे शहर उभे राहिले. सातबाऱ्यावर नाव असणे आणि नसणे यांत काय अंतर असते, हे येथील आगरी-कोळी घरांतील वडीलधाऱ्यांना कोणत्याही वकिलापेक्षा अधिक ठाऊक आहे. ज्याच्यापाशी पद आहे, ओळख आहे, मोठा आवाज आहे, त्याचे नोंदीवाचून चालते. त्याचा शब्द लोक मानतात. ज्याच्यापाशी यांतले काही नाही, त्याचा शब्द वहीनेच राखावयाचा असतो. म्हणून आम्ही म्हणतो, नोंद ही अविश्वासाची खूण नव्हे. ती प्रामाणिक माणसाच्या हातातला पुरावा आहे, आणि त्याची गरज साहेबापेक्षा धुलाईच्या पोराला अधिक आहे.

उद्या आपण गाडी सर्व्हिसला द्याल, तेव्हा किल्ली टेबलावर ठेवून तसेच निघू नका. बिल्ला बांधला का ते पाहा, नंबर पूर्ण लिहिला का ते पाहा. क्षणभर वेळ जाईल. आपली गाडी तर राखली जाईलच; पण आत कोठेतरी पाण्याचा पाइप धरून उभा असलेला एक मुलगाही राखला जाईल. आमच्या हातून एकाला राखणे राहून गेले. त्याच्या पत्राची वाट आम्ही अजूनही पाहतो.